धक्का प्रेक्षकाला, इजा कुणालाच नको
भिलाईतल्या तरुण चित्रकार-रंगकर्मींसाठी

नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजारच्या ओडिशात, गंजाम जिल्ह्यातल्या रालब गावी, रामायणाच्या नाटकात राक्षस झालेल्या नटाने जिवंत डुकराचे पोट फाडून मांस खाल्ले. त्याला अटक झाली. कलेने हादरवावे, जरूर हादरवावे. पण त्याची किंमत कलावंताने मोजावी. ज्याला नकार देता येत नाही त्या जिवाकडून ती वसूल करू नये.

काय करावे

- तीजनबाईंची पंडवानी, म्हणजे महाभारताचे कथागायन, पाहावी. भिलाईजवळच्या गनियारीत जन्मलेल्या या गायिकेच्या हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी रथ. एकही घोडा न आणता कुरुक्षेत्र उभे राहते.
- प्रतिकृती घडवावी. २०१५ च्या जयपूर आर्ट समिटमध्ये सिद्धार्थ कररवाल यांनी प्लास्टिक खाऊन मरणाऱ्या गाईंसाठी थर्माकोलची गाय फुग्याला टांगली. पोलिसांनी ती उतरवली, देशभर चर्चा झाली. खऱ्या गाईला ओरखडाही आला नाही. भिलाईसारख्या पोलादाच्या शहरात लोखंडी भंगारातून बैल घडवता येतो.
- कायदा वाचावा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तिकीट लावून प्राण्याचे खेळ करायला नोंदणी लागते. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांच्या खेळांवर तर बंदीच आहे.
- पाळीव प्राणी आणायचाच असेल, तर पशुवैद्य सोबत ठेवावा. दिवे, आवाज, पाणी, विश्रांती त्याच्या सल्ल्याने ठरवावी. प्राणी बिथरला तर प्रयोग थांबवायचा अधिकार पशुवैद्यालाच द्यावा.

काय टाळावे

- मारणे, उपाशी ठेवणे, रंग फासणे, गुंगी देणे. यात अपवाद नाही.
- क्रौर्य प्रेक्षकावर सोपवणे. २००० साली डेन्मार्कच्या ट्रॅपहोल्ट संग्रहालयात मार्को एव्हारिस्ती यांनी मिक्सरमध्ये जिवंत गोल्डफिश ठेवले. बटण दाबायचे की नाही, हे प्रेक्षकाने ठरवायचे. कुणीतरी दाबलेच. संग्रहालयाचे संचालक पुढे न्यायालयात निर्दोष ठरले, पण मासे परत आले नाहीत. कायद्यातून सुटका म्हणजे नैतिक परवाना नव्हे.
- ‘एवढासा तर जीव’ म्हणणे. २०१२ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये डेमियन हर्स्ट यांच्या एका मांडणीत ९,००० हून अधिक फुलपाखरे मेली.
- ‘तो कापलाच जाणार होता’ ही सबब. ताटातल्या हिंसेवर बोलायचे असेल तर ताट मांडावे, खाणाऱ्याला प्रश्न विचारावा. त्यासाठी आणखी एक मरण लागत नाही.
- नाग, अजगर भाड्याने आणणे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो. वाघ हवा असेल तर भिलाईच्या मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयात बसून पांढऱ्या वाघाची रेखाटने करावीत.

शेवटची कसोटी: जिवंत प्राणी वगळल्यावर कलाकृतीत काहीच उरत नसेल, तर ती अजून तयार झालेली नाही. प्रदर्शनाची तारीख पुढे ढकलावी आणि पुन्हा कामाला बसावे.