बसमधली शेकोटी पेटत का नाही?

एखादे यंत्र बंद पडले की आपण चटकन विचारतो, “याचा कोणता भाग गेला?” त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. हे यंत्र चालण्यासाठी काय काय घडावे लागते, आणि त्यांपैकी नेमके काय घडत नाही? पहिल्या प्रश्नाने खिसा रिकामा होतो, दुसऱ्याने दोष सापडतो. तो कसा, हे आज एका लहानशा यंत्राच्या उदाहरणाने पाहू.

ब्रिटनमध्ये प्रवासी सेवेतून निवृत्त झालेली जुनी बस विकत घेऊन तिचे फिरते घर करण्याची हौस पुष्कळांना आहे. आसने काढायची, बिछाने, पाण्याची टाकी व छोटे स्वयंपाकघर बसवायचे आणि हिंडत राहायचे. पण पत्र्याचे आणि काचेचे हे घर हिवाळ्याच्या रात्री भराभर थंड होते. ते उबदार ठेवण्यासाठी रात्रभर बसचे इंजिन चालवणे परवडणारे नाही. म्हणून अशा गाडीत डिझेलवर चालणारा हवेचा हीटर बसवतात. जर्मनीतील एस्लिंगेन या गावी १८६५ साली सुरू झालेली एबरश्पेखर आणि तेथेच १९०१ साली सुरू झालेली वेबास्टो या कंपन्या अशा हीटरसाठी प्रसिद्ध आहेत.

आता असे समजा, की स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जानेवारीची पहाट आहे. बसमध्ये एक कुटुंब झोपलेले आहे. हीटरचे बटण दाबले, पंखा फिरला, थोडा वेळ टिकटिक ऐकू आली, आणि यंत्र बंद पडले. पडद्यावर सूचना उमटली: ‘ज्योत पेटली नाही.’ तुम्ही काय कराल?

यंत्राची रचना

आपल्याकडचा पंपाचा स्टोव्ह आठवा. तुम्ही पाहिला नसेल, तर आजीला विचारा. आधी काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप मारून रॉकेल वर चढवायचे. तापलेल्या बर्नरमध्ये रॉकेलची वाफ होते आणि ती वाफ हवेत मिसळून जळते. डिझेल हीटरमध्येही हेच घडते. येथे काकड्याचे काम ग्लो प्लग करतो. ही विजेने लालबुंद होणारी एक लहान कांडी असते. हाताच्या पंपाऐवजी एक विद्युत पंप टिकटिक करीत मोजून डिझेल पुढे ढकलतो. एक छोटा पंखा बाहेरची हवा ज्वलनकक्षात आणतो आणि जळलेला वायू धुराच्या नळीने गाडीबाहेर जातो.

ज्वलनकक्षाभोवती पंख्यासारख्या पात्या असलेले धातूचे कवच असते. दुसरा पंखा बसमधील हवा या कवचावरून फिरवतो व ती गरम होते. म्हणजे येथे हवेचे दोन स्वतंत्र मार्ग आहेत. ज्वलनाची हवा बाहेरून येऊन बाहेर जाते, खोलीची हवा खोलीतच फिरते. या दोघींची कधीही भेट होता कामा नये. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे त्यावर जीव अवलंबून आहे.

थोडे गणित

मध्यम आकाराचा हीटर सुमारे २ किलोवॉट उष्णता देतो आणि त्यासाठी तासाला सुमारे ०.२४ लिटर डिझेल जाळतो. १ लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे तासाला ८.६ मेगाज्यूल खर्ची पडतात, त्यांपैकी ७.२ मेगाज्यूल खोलीला मिळतात व उरलेली धुराबरोबर जातात. कार्यक्षमता सुमारे ८३ टक्के झाली.

१ ग्रॅम डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे १४.५ ग्रॅम हवा लागते. ०.२४ लिटर डिझेलचे वजन सुमारे २०० ग्रॅम, म्हणून तासाला निदान २.९ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे २,४०० लिटर हवा हवी. आणि डिझेलमधील हायड्रोजनचे पाणी होत असल्याने १ लिटर डिझेल जळले की जवळजवळ १ लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते! ही दोन्ही उत्तरे आपल्याला तपासात उपयोगी पडणार आहेत.

धूर काय सांगतो?

‘ज्योत पेटली नाही’ ही सूचना देतो कोण? ज्वलनकक्षाजवळचा तापमान मोजणारा संवेदक. त्याला फक्त एवढेच कळते, की अपेक्षेइतकी उष्णता वाढली नाही. कारण त्याला ठाऊक नसते. तरीही पुष्कळ लोक ही सूचना वाचून लगेच नवा ग्लो प्लग आणतात आणि तो बसवूनही हीटर पेटला नाही, की नवा पंप आणतात.

आगीला तीन गोष्टी लागतात: इंधन, हवा आणि पेट घेण्याइतकी उष्णता. यांपैकी कोणती कमी आहे, हे कळण्यासाठी यंत्र उघडण्याचीही गरज नाही. सुरू होण्याच्या प्रयत्नात धुराच्या नळीच्या तोंडाकडे पाहावे. धूर मुळीच नाही, डिझेलचा वासही नाही, तर इंधन पोचत नाही. उग्र वासाचा दाट पांढरा धूर येत असेल, तर इंधन पोचते, त्याची वाफही होते, पण पेट घेत नाही. काळा धूर आला, तर ज्योत आहे, पण हवा अपुरी किंवा इंधन जास्त आहे. थंडीत चांगल्या ज्वलनातूनही पांढरी वाफ दिसते, मात्र तिला डिझेलचा उग्र वास नसतो आणि ती लगेच विरते.

इंधन पोचते का?

पंपाच्या प्रत्येक टिकटिकीला ठरावीक डिझेल पुढे सरकते. एका नेहमीच्या पंपाचे माप १,००० ठोक्यांना २२ मिलिलिटर, म्हणजे एका ठोक्याला ०.०२२ मिलिलिटर असते. मोजपात्रात डिझेल गोळा करून व ठोके मोजून हे पडताळता येते. ते खूपच कमी भरले, तर गाळणी तुंबली आहे, नळीत हवा शिरते आहे किंवा पंप झिजला आहे.

डिझेलची नळी मुद्दाम अरुंद, सुमारे २ मिलिमीटर पोकळीची असते. तिच्या पोकळीच्या छेदाचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस मिलिमीटर होते. म्हणून एका ठोक्याला नळीतील डिझेल सुमारे ७ मिलिमीटर पुढे जाते. नळी अर्धपारदर्शक असेल, तर हवेचा बुडबुडा प्रत्येक ‘टिक्’सरशी एवढा सरकताना दिसतो. बुडबुडे एकामागून एक येत राहिले, तर कोठेतरी जोड सैल आहे. याच हिशेबाने ४ मीटर लांबीची रिकामी नळी भरण्यास सुमारे ५७० ठोके लागतात. टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर डिझेल भरले, तर पहिल्या प्रयत्नाला हीटर पेटत नाही, याचे कारण हेच. तो बिघाड नव्हे.

थंडीत आणखी एक गोष्ट घडते. डिझेलमधील मेणासारखे घटक गोठून त्यांचे स्फटिक गाळणीत अडकतात. म्हणून ब्रिटनमध्ये हिवाळ्यात मिळणारे डिझेल उणे १५ अंश सेल्सिअसपर्यंत गाळणीतून वाहू शकेल असे बनवतात. उन्हाळ्यात भरलेली टाकी हिवाळ्यात तशीच वापरली, तर अडचण येणारच. आपल्या लडाखमध्येही हा प्रश्न आहे. त्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणले.

हवा मिळते का?

तासाला हवा २,४०० लिटर लागते, हे आपण काढले. हवेच्या नळीत पाने, चिखल किंवा कोळ्याचे जाळे अडकले, तर एवढी हवा येणार कशी? आणि धूर बाहेर पडला नाही, तर नवी हवा आत येणार नाही. धुराची नळी मध्येच झोळासारखी लोंबत असेल, तर ज्वलनातून झालेले पाणी त्या झोळात साचते व वाट अडवते. कडक थंडीत ते गोठतेही. म्हणून नळीला उतार द्यावा आणि सर्वांत खालच्या जागी पाणी गळण्यास बारीक छिद्र असावे.

हीटर दीर्घकाळ अगदी मंद चालवला, तर ज्वलनकक्ष पुरेसा तापत नाही आणि काजळी धरते. म्हणून अधूनमधून तो काही वेळ पूर्ण शक्तीने चालवणे चांगले.

कांडी पुरेशी तापते का?

आपल्या बसच्या धुराड्यातून उग्र वासाचा पांढरा धूर येतो आहे. इंधन पोचते आहे, हवेचे मार्गही मोकळे आहेत. मग शंका ग्लो प्लगवर येते. पण थांबा, आधी मल्टिमीटर हाती घ्या.

हा हीटर १२ व्होल्टचा असून सुरू होताना सुमारे १० अँपिअर विद्युतप्रवाह ओढतो. बॅटरीवर, भार असताना, १२.१ व्होल्ट दिसतात. सगळे ठीक वाटते. पण हीटर बॅटरीपासून ६ मीटर दूर आहे. जाण्याची व येण्याची मिळून तार १२ मीटर झाली. १ मीटर लांब व १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध ०.०१७२ ओहम असतो. येथील तार १.५ चौरस मिलिमीटरची आहे. तेव्हा

रोध = ०.०१७२ × १२ ÷ १.५ = ०.१३८ ओहम

ओहमच्या नियमाप्रमाणे १० अँपिअरला तारेतच १.३८ व्होल्ट खर्च झाले. त्यात एक जोड गंजलेला असून त्याचा रोध अवघा ०.०५ ओहम आहे. तेथे आणखी ०.५ व्होल्ट गेले. हीटरपर्यंत पोचले ते १०.२ व्होल्ट! बहुतेक हीटरचे नियंत्रक सुमारे १०.५ व्होल्टखाली काम थांबवतात. तसे थांबवले नाही, तरी उष्णता विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १०.२ भागिले १२ म्हणजे ०.८५ आणि त्याचा वर्ग ०.७२. विद्युतदाब १५ टक्के घटला, पण कांडीची उष्णता २८ टक्के घटली. डिझेलची वाफ झाली, ती पेटली मात्र नाही.

जोड घासून स्वच्छ केला आणि ४ चौरस मिलिमीटरची तार घातली, तर नुकसान ०.५२ व्होल्टवर येते व हीटरला सुमारे ११.६ व्होल्ट मिळतात. जुनाच ग्लो प्लग आता पेट घेतो. तो बदलला असता, तर नवाही तितकाच निष्फळ ठरला असता.

येथे एक महत्त्वाचा धडा आहे. हीटर बंद असताना तारेच्या टोकाशी विद्युतदाब मोजला असता, तर पूर्ण भरला असता, कारण प्रवाह नसेल तर तारेत काहीच खर्च होत नाही. मोजमाप नेहमी यंत्र काम करीत असताना करावे.

पेटतो, पण विझतो

हीटर नीट पेटून काही मिनिटांनी बंद पडत असेल, तर दोष बहुधा दुसऱ्या हवेच्या मार्गात असतो. गरम हवेच्या तोंडाशी गादी किंवा कपडे आले, की उष्णता कोंडते आणि अतिउष्णतेचा संवेदक यंत्र थांबवतो. संवेदकाने आपले काम चोख केले आहे. त्याला निकामी करण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये. तसेच बटण बंद केल्यावर पंखा काही मिनिटे फिरत राहतो, तो आतली उष्णता काढून टाकण्यासाठी. तेव्हा वीज एकदम तोडू नये. आणि हीटर पेटत नसताना पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यास ज्वलनकक्षात न जळलेले डिझेल साचते व नंतर एकदम भडका उडू शकतो. दोन प्रयत्न फसले, की थांबून तपासाला लागावे.

जिवाशी गाठ

हवा अपुरी पडली, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते, त्यामुळे माणूस झोपेतच गुदमरू शकतो. कवचाला चीर, धुराच्या नळीचा सैल जोड किंवा बर्फात गाडले गेलेले तिचे तोंड, यांपैकी एकही गोष्ट हवेच्या दोन मार्गांची भेट घडवून आणू शकते. म्हणून अशा गाडीत या वायूची सूचना देणारी घंटा बसवावीच. ती वाजली, किंवा सकाळी सर्वांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर हीटर बंद करून सर्वांनी ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत यावे, वैद्यकीय मदत घ्यावी आणि गळती सापडेपर्यंत हीटर पेटवू नये. कुटुंब थंडीत कुडकुडले तर एक रात्र वाईट जाते. येथे चूक झाली, तर सकाळच उगवत नाही.

तपासाचे सूत्र

या तपासात आपण काय केले? आधी यंत्राचे कार्य समजून घेतले, मग लक्षणावरून तीनपैकी दोन शक्यता वगळल्या, उरलेली शक्यता मोजून पाहिली आणि एका वेळी एकच बदल करून निकाल पाहिला. सायकलचा दिवा, शाळेतील पाण्याचा पंप किंवा घरातील शेगडी, कोठेही हेच सूत्र चालते. मात्र डिझेल आणि आग यांच्याशी संबंधित काम मोठ्या, जाणत्या माणसाशिवाय करू नका.

विचार करा

१. हाच १२० वॉटचा ग्लो प्लग २४ व्होल्टचा असता, तर त्याच १.५ चौरस मिलिमीटर तारेत किती व्होल्ट खर्च झाले असते? तारेत वाया जाणारी शक्ती किती पटीने घटली असती?

२. नळीची पोकळी २ ऐवजी ४ मिलिमीटर केली, तर एका ठोक्याला डिझेल किती सरकेल? ४ मीटर नळी भरण्यास किती ठोके लागतील?

३. पंप नियमित टिकटिक करतो, पण धूर नाही आणि वासही नाही. सर्वांत आधी काय तपासाल, आणि का?