आधी उजेड, मग बी

वसई-विरारमध्ये फ्लॅटात राहून भाजीची रोपं करायची, तर सगळ्यात अवघड महिने जून ते सप्टेंबर. मिरची, वांगी, टोमॅटो यांचं बी लोक नेमकं त्याच वेळी टाकतात. पाऊस पडतोय, हवा ओली आहे, म्हणजे रोपं छान येतील असं वाटतं. बी उगवतंही झकास. रोपं जातात ती त्यानंतरच्या पंधरवड्यात.

विरार पश्चिमेला आमची खिडकी समोरच्या इमारतीकडे उघडते. पहिल्या पावसाळ्यात खिडकीतल्या ट्रेमधली मिरची चार दिवसांत बोटभर उंच झाली आणि घरात सगळे खूश झाले. मग एका सकाळी निम्म्या रोपांनी मान टाकलेली दिसली. पानं हिरवीगार होती, पण मातीलगत देठ पाणचट होऊन दोऱ्याएवढा बारीक झाला होता. दोन दिवसांत ट्रे रिकामा झाला. आता आमच्या सोसायटीत कुणी नव्यानं बी टाकलं की मला बोलावतात, आणि बहुतेक घरांत हेच चित्र दिसतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

या मरण्याला रोपं कोलमडणं म्हणतात. पिथियमसारख्या बुरशा ओल्या मातीत देठावर हल्ला करतात. बुरशीला आयतं सावज मिळतं ते उजेडाच्या उपासामुळे. उजेड कमी पडला की रोप तो शोधत उंच होतं, देठ पातळ आणि कच्चा राहतो. कमी उजेडात रोप पाणीही कमी ओढतं, त्यामुळे माती सुकत नाही. आपण मात्र रोज सवयीनं पाणी घालत राहतो. आपल्याकडे पावसाळ्यात उजेडाचा तुटवडा असतो आणि पाणी नको तेवढं असतं. बाकीचे सगळे उपाय यातूनच निघतात.

उजेडाच्या बाबतीत डोळ्यावर भरवसा ठेवू नका. कडक उन्हात बाहेर साधारण 1 लाख लक्स उजेड असतो, तर ट्यूब लावलेल्या दिवाणखान्यात 200-300. आपला डोळा सवयीनं दोन्हीकडे जुळवून घेतो, रोपाला ते जमत नाही. मोबाइलवर लक्स मोजणारं अ‍ॅप मिळतं. ते काटेकोर नसतं, पण अंदाजाला पुरतं. रोपांच्या शेंड्याशी 10 हजार लक्सच्या आसपास उजेड हवा.

त्यासाठी महागडा दिवा लागत नाही. 20 वॅटच्या, चार फुटी, पांढऱ्या एलईडी ट्यूब दोन, शेजारी शेजारी, रोपांच्या शेंड्यापासून 4-5 इंचांवर टांगा. ट्यूब छतावर असेल तर तिचा रोपाला उपयोग नाही. अंतर वाढलं की उजेड झपाट्यानं घटतो. रोपं वाढतील तशी ट्यूब वर घेता यावी म्हणून साखळी किंवा सुतळी लावा. पानांच्या उंचीवर तळहात धरा. गरम लागलं तर थोडं अंतर वाढवा. जांभळ्या उजेडाचे दिवेही मिळतात आणि त्यांच्याखाली रोपं वाढतात, पण त्या उजेडात पान पिवळं पडलं की डाग पडला, हे कळतच नाही. नवख्या माणसानं पांढरा दिवाच घ्यावा.

कोंब मातीबाहेर दिसला की त्याच दिवशी दिवा सुरू करा. रोज 14 तास चालू, 10 तास बंद. रात्रंदिवस दिवा ठेवला तर टोमॅटो-वांग्याची पानं पिवळी पडतात. टायमरचा प्लग मिळतो, तो लावा. 40 वॅट, 14 तास, म्हणजे महिन्याला साधारण 17 युनिट वीज. मध्ये दोन-चार तास वीज गेली तरी रोपाचं काही बिघडत नाही.

आता माती आणि पाणी. पालघर जिल्ह्यात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. पालापाचोळा, शेण, गवत जाळून वरची माती तापवतात. त्यानं तणाचं बी आणि किडे मरतात, बुरशीचा जोरही कमी होतो. फ्लॅटमध्ये राब भाजता येत नाही. कुंडीतली जुनी माती मात्र वापरू नका. धुतलेलं कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं निम्मं घ्या, त्यात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी, मिसळा. बी विरळ टाका, अर्धा सेंटिमीटर खोल. दाट पेरलं की एक रोप पडलं म्हणजे शेजारचीही पडतात.

आगाशीकडच्या एका वाडीवाल्या काकांना मी विचारलं होतं, "काका, पाणी किती द्यायचं?" ते म्हणाले, "किती ते नंतर बघ, आधी कधी ते बघ. सकाळी द्यायचं. संध्याकाळी दिलं की रात्रभर ओल राहते आणि रोप बसतं." ट्रे उचलून बघा, हलका लागला तरच पाणी द्या. पाणी खालच्या ताटलीत ओता, वीस मिनिटांनी उरलेलं फेकून द्या. लहान पंखा मंद ठेवून वारा रोपांवरून खेळू द्या. देठ जाड होतो आणि माती वरून सुकते. दोन खरी पानं येईपर्यंत खत अजिबात नको.

विजेची काळजी सगळ्यांत आधी घ्या. पावसाळ्यात गॅलरी ओली असते, हात ओले असतात. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका. वायर प्लगमध्ये जाण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळातूनच खाली गळेल. घरात 30 मिलिअँपिअरचं ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारं उपकरण, नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घ्या.

रोपं ट्यूबखालून थेट ग्रिलमध्ये नेऊ नका. पहिल्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग रोज थोडं वाढवत आठवडाभरात पूर्णवेळ बाहेर. टोमॅटो 25-30 दिवसांत, मिरची 35-40 दिवसांत मोठ्या कुंडीत लावण्याजोगी होते.

घरातल्या तरुण मुलांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. यूट्यूबवर अशा दिव्यांची माहिती शोधली की बरीचशी गांजा लावणाऱ्या परदेशी लोकांची निघते. कॅनडात 2018 पासून बहुतेक प्रांतांत घरी चार रोपं लावायला परवानगी आहे. आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम 20 नुसार गांजाच्या विनापरवाना लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. एक कुंडी लावली तरी ती लागवडच. कुतूहलापोटी आयुष्य पणाला लावू नका. त्यांचे शेकडो वॅटचे दिवेही मिरचीच्या कोवळ्या रोपाला सोसत नाहीत.

तेव्हा बियांचं पाकीट फोडण्याआधी ट्यूब टांगा, टायमर लावा, बोर्ड उंचावर घ्या. एवढं जमणार नसेल तर पावसाळ्यात नर्सरीतून तयार रोपं आणा आणि बी थंडीत टाका. त्यात कमीपणा काही नाही.