रंगात जपून, धुण्यात सढळ

अगं, तुझा मेसेज वाचला. एअरब्रश आला, कॉम्प्रेसर आला, बहात्तरच्या स्केलचं मिग-२१ जोडूनही झालं, आणि कंपनीच्या थिनरच्या इवल्याशा बाटलीची किंमत बघून तुझा हात आखडला. ‘ताई, घरातलं काही चालेल का?’ असं विचारलंस. चालतं गं, बरंच काही चालतं. पण आधी एक गोष्ट पक्की समजून घे.

तुला द्रव दोन कामांना लागतं. एक, रंग पातळ करायला. दुसरं, काम झाल्यावर ब्रश धुवायला. धुण्याचं द्रव फडक्यात पुसून जातं, त्यामुळे ते स्वस्तातलं असलं तरी काही बिघडत नाही. रंगात घातलेल्या द्रवाचा मात्र मॉडेलवर परिणाम राहतो. रंग किती लवकर वाळला, प्लॅस्टिकला धरला की नाही, पृष्ठभाग गुळगुळीत झाला की खरखरीत, हे सगळं तेच ठरवतं. म्हणून रंगात जपून आणि धुण्यात सढळ हाताने, असा माझा हिशोब आहे. थिनरचा खरा खप धुण्यातच होतो, त्यामुळे पैसेही तिथेच वाचतात.

आता रंगाच्या बाटलीकडे नीट बघ. नुसतं ‘ॲक्रिलिक’ लिहिलंय म्हणून सगळे रंग सारखे नसतात. तामियाचं छोट्या काचेच्या बाटलीतलं ॲक्रिलिक अल्कोहोलशी छान जुळतं. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, बिनदिक्कत चालतं. निम्मा रंग, निम्मं आयपीए इथून सुरुवात कर आणि रंग बघून कमी-जास्त कर. नुसतं पाणी घातलंस तर तो प्लॅस्टिकवर थेंब धरून बसतो, नीट पसरत नाही.

वालेहोचं तसं नाही. त्यात रंग धरून ठेवणारे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. अल्कोहोल पडलं की ते एकमेकांना चिकटतात आणि कपात नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात. हे ब्रशच्या आत झालं तर नॉझल सोडवता सोडवता संध्याकाळ जाते. वालेहोला पाणी आणि त्यांचाच थिनर, बस. आणि धुतानाही आधी पाणी फवारून सगळा रंग काढ, अल्कोहोल त्यानंतर. ही पायरी गाळू नकोस.

पाणी म्हणजे नळाचं किंवा बोअरचं नाही हं. तुमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरं कीट चढतं, तेच क्षार ०.३ मिलिमीटरच्या नॉझलमध्येही बसतात. गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर नाहीतर बॅटरीच्या दुकानात मिळतं, आणि खूप स्वस्त असतं. फक्त मागताना ‘बॅटरीचं पाणी’ एवढंच म्हणू नकोस. कुठे कुठे त्या नावाने ॲसिड देतात. लेबल वाचूनच घे.

उन्हाळ्यात रंग सुईच्या टोकावरच वाळतो आणि फवारा तुटक येतो. पाण्याच्या ॲक्रिलिकला यावर केमिस्टकडचं ग्लिसरीन हा चांगला उपाय आहे. रंगाच्या कपात एक थेंब, फार तर दोन. त्यापुढे गेलीस तर रंग दिवसेंदिवस चिकट राहतो आणि बोट लावलं की ठसा उठतो. भांड्यांचा लिक्विड साबणही पाण्याचा ताण कमी करतो आणि रंग पसरायला मदत करतो. पण सुईचं टोक बुडवून जेवढा येईल तेवढाच. जास्त झाला तर कपात फेस येतो आणि रंग प्लॅस्टिकला नीट धरत नाही.

आयपीए कुठे मिळेल? मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात विचार, सर्किट पुसायला ते हेच वापरतात. मुंबईला गेलीस तर प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेची रसायनं विकणारी दुकानं आहेत, तिथे मोठी बाटली मिळेल. सत्तर टक्क्यांचं असलं तरी तामियाला चालतं, कारण उरलेलं बहुतेक पाणीच असतं. हँड सॅनिटायझरच्या वाटेला मात्र जाऊ नकोस. त्यात जेल करायला घातलेले घट्ट पदार्थ असतात, ते ब्रशमध्ये बसतात. फ्रेंच पॉलिशवाल्यांचं स्पिरिटही नको. ते पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात विषारी मिथेनॉल मिसळलेलं असू शकतं, आणि आपण तर त्याचा धूर करून नाकासमोर सोडणार.

हम्ब्रोलचे छोट्या डब्यांतले एनॅमल रंग वापरणार असशील तर पाणी आणि अल्कोहोल दोन्ही विसर. त्यांना रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन लागतं. रॉकेल घालू नकोस, ते तेलकट असतं, थर वाळता वाळत नाही. आणि दुकानात नुसतं ‘थिनर द्या’ म्हणालीस तर बहुतेक एनसी थिनर हातात ठेवतील. ते फार जहाल असतं. मॉडेलचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरीनचं असतं, त्याला ते खातं. नेलपेंट रिमूव्हरमधलं ॲसिटोनही तेच करतं, पंखावरच्या बारीक रेघा विरघळून जातात. कुठलंही नवं द्रव आधी सुटे भाग काढून उरलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर लावून बघ. चौकट चिकट झाली, की ते द्रव मॉडेलजवळ आणायचं नाही.

तुझ्या मिगला चंदेरी रंग द्यायचा म्हणतेस, कारण आपल्या हवाई दलातली सुरुवातीची मिग उघड्या धातूच्या रंगातच होती. तिथे मात्र काटकसर करू नकोस. चंदेरी रंगात धातूसारख्या चमकणाऱ्या चकत्या असतात. द्रव कसं उडतं त्यावर त्या सपाट बसणार की उभ्या राहणार हे ठरतं. चुकीच्या द्रवाने चांदीची राख दिसते. त्या एका रंगासाठी कंपनीचाच थिनर घे, किंवा थेट फवारायला तयार मिळणारा रंग घे.

रंग किती पातळ हवा याचा अंदाज कपाच्या कडेवर घे. कप तिरका करून सरळ कर. रंग कडेवरून झरझर खाली उतरला आणि मागे झिरझिरीत थर राहिला, की झालं. हवा १५ ते २० पीएसआय ठेव. पोस्टर कलर किंवा शाळेच्या बाटल्यांतले रंग ब्रशमध्ये घालायचा मोह होईल. त्यांची भुकटी जाडी असते. घालायचेच असतील तर जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घे, तरी फार आशा ठेवू नकोस.

पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी धरतं आणि मध्येच मॉडेलवर थेंब उडतो. पाणी अडवणारी डबी बसव आणि दर वेळी रिकामी कर. लॅकर प्रकारचे रंग तर दमट हवेत पांढरट पडतात, तेव्हा जुलैत त्यांना हात न लावलेलाच बरा.

आता धुणं. रंग बदलताना योग्य त्या द्रवाने कप भर, फवार, पूस, पुन्हा भर. मग नॉझलच्या तोंडावर फडकं दाबून घोडा हलकेच ओढ. हवा उलटी फिरते आणि कपात बुडबुडे येतात, त्यांच्याबरोबर अडकलेला रंग वर येतो. डोळ्यांवर चष्मा असू दे. काच पुसायचा क्लीनर पाण्याच्या ॲक्रिलिकला छान काढतो, पण काहींमध्ये अमोनिया असतो, म्हणून भाग त्यात रात्रभर बुडवून ठेवू नकोस. ब्रशचं अंग आतून पितळेचं असतं, वर क्रोमचा मुलामा. पितळ दिसलं की आपला हात चिंचेकडे जातो, पण इथे चिंच, लिंबू, व्हिनेगर यांपैकी काही नको. आंबटाने मुलामा खराब होऊ शकतो, मग पितळ उघडं पडतं.

वाळून बसलेल्या रंगाला एनसी थिनर खरोखर उपयोगी. मॉडेलपासून लांब, सुटे केलेले धातूचे भाग त्यात थोडा वेळ बुडव. आधी रबरी वायसर काढून ठेव. टेफ्लॉनचे टिकतात, साधे रबरी फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. नॉझलमध्ये टाचणी घालायची नाही. तोंड जरासं फाकलं की फवारा कायमचा एका बाजूला जातो. दातांच्या फटी साफ करायचे बारीक ब्रश केमिस्टकडे मिळतात, ते ब्रशच्या अंगात छान फिरतात. घोड्याच्या सांध्याला शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी कण चालतो, रंगाच्या वाटेत मात्र नको. तेल रंगात गेलं की थरात बारीक गोल खड्डे पडतात. खोबरेल तर नकोच, २४ अंशांच्या खाली ते गोठतं.

हे सगळं स्वयंपाकघरात करायचं नाही. आयपीएची वाफ १२ अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. गॅस, समई, उदबत्ती जवळ नको. खिडकी उघडी, पंखा बाहेर हवा फेकणारा. एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, द्रावकाची वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या डब्या असलेला मास्क लागतो, आणि थिनर वाचवून उरलेले पैसे मी आधी त्यात घालेन. ब्लीच तर या कामात आणूच नकोस. अमोनिया, अल्कोहोल, आंबट, कशातही ते मिसळलं की विषारी वायू किंवा द्रव्यं तयार होतात. वापरलेलं थिनर मोरीत ओतायचं नाही. त्याची फडकी गुंडाळून न ठेवता बाहेर पसरून वाळू दे, मग टाक.

आणि शेवटचं, हे माझं ऐकच. आयपीए आणि टर्पेंटाइन पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरू नकोस. दोन्ही पाण्यासारखी दिसतात आणि तहान लागली की कोणी वास घेत बसत नाही. मूळ बाटलीत ठेव, मोठ्या अक्षरांत नाव लिही, आणि कपाटाला कुलूप लाव.