संगणक आणि पावसाचा डबा

शाळेत संगणक आला, की पालक म्हणतात, "आता पोरं हुशार होणार." आम्ही उभा जन्म खडू-फळ्यावर काढला; पण आम्हांला यंत्राचे वावडे नाही. मात्र नुसती चित्रे बघून पोर शिकत नाही. त्याच्या हाताला काम हवे.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, पाबळ गाव आहे. तिकडे पाऊस कमी. डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ मुंबईची नोकरी सोडून १९८३ साली तेथे गेले. त्यांनी विज्ञान आश्रम काढला. त्यांच्या पद्धतीत हायस्कुलातली मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. लोखंड जोडतात, विजेच्या तारा जोडतात, माती तपासतात. खर्चाचा हिशेबही तीच मांडतात. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मदतीने तेथे 'फॅब लॅब' झाली. संगणकाने सांगितले तशी वस्तू कापून देणारी यंत्रे तिथे आली. काम आधी होते, यंत्र मागून आले. हा क्रम आम्हांला फार पटतो.

"पोराला शिकायला धाडलं, माती कालवायला नाही," असे काही पालक म्हणतील. त्यांनी हे ऐकावे.

आपल्या कोळवणात भाताजोगा पाऊस पडतो. तो मुलांनी मोजावा. तोंड आणि बूड सारखे असलेला, उभ्या बाजूंचा डबा घ्यावा. झाडापासून, भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवावा. रोज सकाळी ठरल्या वेळी आत पट्टी उभी धरावी. पट्टीवरच्या दोन बारीक रेघांमधले अंतर म्हणजे एक मिलिमीटर. आकडा लिहावा, पाणी ओतून द्यावे. महिनाभराचे आकडे संगणकात भरले, की तो पावसाचे चित्र काढून देतो. पण रविवारी कंटाळा करून कोणी अंदाजाने आकडा लिहिला, तर चित्रही खोटेच निघेल. संगणकाला काय कळते!

मग मुलांनी शाळेचे छप्पर मोजावे. समजा, ते दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आहे. त्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर पाणी. पन्नास मिलिमीटर पडला, तर पाच हजार लिटर; पंधरा लिटरचे तीनशेहून जास्त हंडे! थोडे उडून, सांडून जाईल. उरलेल्यातले शाळेच्या टाकीत किती मावेल, ते मुलांनी टाकी मोजून गावाला सांगावे.