डाळ बंद करण्याआधी

दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीन रिपोर्ट तरी असे येतात की त्यातल्या एका आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढलेला असतो. क्रिएटिनिन 1.9. पेशंट खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतो, "डॉक्टर, डायलिसिस लागणार का?" सोबत आलेली बायको सांगते, "गेल्या महिन्यापासून डाळ बंद केलीय. दूध बंद, टोमॅटो बंद, फळं बंद. पाणीसुद्धा मोजून देते." मी वजनकाट्यावर उभं करतो. महिन्याभरात तीन-चार किलो उतरलेले असतात.

दीर्घकालीन किडनीविकाराने जे नुकसान होतं, त्यात या घाबरून केलेल्या पथ्याची भर पडते. म्हणून आज सुरुवात स्वयंपाकघरापासून करतो.

आधी त्या लाल गोलाबद्दल थोडं. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ. एकटा तो आकडा फसवतो. पंचवीस वर्षांच्या तरुणाचं क्रिएटिनिन 1.2 असेल तर त्याच्या किडनीची गाळणक्षमता साधारण 86 येते, म्हणजे बहुतेक वेळा काळजीचं कारण नाही. तेच 1.2 पासष्ट वर्षांच्या बाईच्या रिपोर्टवर असेल तर तिची गाळणक्षमता 50 च्या आसपास भरते. लॅबच्या कागदावर मात्र दोघांपुढेही 'नॉर्मल' छापलेलं असू शकतं. त्यामुळे रिपोर्टवर 'ईजीएफआर', म्हणजे हाच गाळणक्षमतेचा आकडा, शोधा. तो तीन महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली राहिला, किंवा तितकाच काळ लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात राहिलं, तर आम्ही त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतो. 15 च्या खाली गेला की शेवटची, पाचवी पायरी. डायलिसिसचा प्रश्न साधारण तिथे येतो. 60 आणि 15 यांच्यामध्ये माणसाची कितीतरी वर्षं असतात, आणि नीट उपचार घेणारे बरेच जण शेवटच्या पायरीपर्यंत कधीच जात नाहीत.

आता डाळ. डायलिसिसवर नसलेल्या पेशंटला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 0.8 ग्रॅम प्रथिनं हवीत. साठ किलोच्या माणसाला 48 ग्रॅम. शाकाहारी मराठी घरातल्या दिवसाचा हिशेब मांडून बघा: चार-पाच पोळ्या, थोडा भात, दोन वाट्या वरण, वाटीभर दही, कपभर दूध. एवढं सगळं खाल्लं तरी बेरीज जेमतेम तिथपर्यंत पोहोचते. मग यातून कापायचं काय? कापायचं असतं ते जिमच्या दुकानातून आणलेल्या प्रोटीन पावडरीला किंवा रोजच्या भरपेट मटणाला. वरणाला नाही. डाळ तोडली की स्नायू झिजतात, आणि स्नायू झिजले की क्रिएटिनिन खाली येतं. घरचे खूश होतात, "पथ्याचा गुण आला." किडनी होती तिथेच असते, माणूस खंगलेला असतो. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता वजन घेतल्याशिवाय रिपोर्ट हातात घेत नाही. डायलिसिस सुरू झालं की प्रथिनांची गरज तर आणखी वाढते, किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम. नेमके त्याच वेळी पेशंट जुन्या सवयीने वरणाची वाटी बाजूला सारत असतात.

खरं कमी करायचं ते मीठ. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, आणि त्यात सगळं आलं. भाजी-आमटीतलं तर आलंच, पण लोणचं, पापड, ठेचा, चटणी, फरसाण, सुकट-बोंबील, पाव आणि खारीसुद्धा. "आम्ही सैंधव वापरतो" हे उत्तर रोज ऐकतो. सैंधवही सोडियम क्लोराइडच आहे, त्याने फरक पडत नाही. आणि बाजारात 'कमी सोडियम' म्हणून मिळणारं मीठ किडनीच्या पेशंटने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि अधू किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. रक्तातलं पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके चुकतात, क्वचित थांबतातही.

पोटॅशियमवरून फळांकडे येऊ. सगळ्यांनी फळं बंद करायची गरज नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम 5 च्या आत असेल तर एखादं सफरचंद, पेरू, पपईची फोड खुशाल खा. ते चढलेलं असेल तर शहाळं, केळी, संत्र्या-मोसंबीचा रस आणि खजूर लांब ठेवा, बटाटा नि पालेभाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्या. अशा पेशंटना एकादशीच्या उपासाबद्दल मी मुद्दाम विचारतो. शेंगदाणे, बटाटा, रताळं, राजगिरा, खजूर एकाच ताटात येतात, आणि द्वादशीला माणूस हातपाय गळाल्याची तक्रार घेऊन येतो. विठ्ठलाला ताटातला वरण-भात चालेल, असं मी त्यांना सांगतो आणि मनापासून सांगतो. एक फळ मात्र किडनीच्या पेशंटने अजिबात खाऊ नये: कमरख, म्हणजे कोकण-गोव्यातली करमलं. त्यातलं विषारी द्रव्य निरोगी किडनी बाहेर टाकते. अधू किडनीत ते साचलं तर न थांबणाऱ्या उचक्या, भ्रम, फिट्स येऊ शकतात.

पाणी? पायावर, डोळ्यांभोवती सूज नसेल आणि लघवी नीट होत असेल तर तहान लागेल तेवढं प्या. रोज पाच लिटर ढोसून किडनी 'धुतली' जात नाही. सूज असेल तर किती प्यायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील, आणि त्यासाठी रोज सकाळी एकाच वेळी घेतलेलं वजन त्यांना फार उपयोगी पडतं.

ताटाबाहेर सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी दोन. रक्तदाब 130/80 च्या खाली, आणि लघवीतलं अल्ब्युमिन शक्य तितकं कमी. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या गोळ्या दोन्ही कामं करतात. मात्र त्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. ही वाढ 30 टक्क्यांच्या आत असेल तर आम्ही गोळी चालूच ठेवतो, कारण किडनीवरचा दाब उतरल्याची ती खूण आहे. घाबरून स्वतःच गोळी बंद करणारे पेशंट इथे मोठा तोटा करून घेतात. तसंच डापाग्लिफ्लोझिनचं. चिठ्ठी वाचून केमिस्ट म्हणतो, "हे तर शुगरचं औषध," आणि मधुमेह नसलेला पेशंट ते घेत नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेल्यांची किडनीसुद्धा या औषधाने जास्त टिकली. पेटंट संपल्यापासून भारतात ते स्वस्तही झालं आहे.

औषधं कधी थांबवायची तेही माहीत असू द्या. जुलाब, उलट्या लागल्या, तापात खाणंपिणं सुटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अंगातलं पाणी कमी असताना बीपीच्या काही गोळ्या, लघवीची गोळी, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन तात्पुरती बंद ठेवावी लागतात, आणि बरं वाटलं की आठवणीने परत सुरू करायची असतात.

गुडघे दुखतात म्हणून केमिस्टकडून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनच्या गोळ्यांनी किडनीचं जे होतं ते मला सौम्य शब्दांत सांगता येत नाही. त्या घेऊ नका. प्रमाणात पॅरासिटामॉल, शेक, आणि तरी थांबत नसेल तर डॉक्टर. 'किडनी साफ करणारी' पुडी, कुठल्या घटकांची ते न लिहिलेलं भस्म, गोरं करणारी स्वस्त क्रीम यांत पारा, शिसं सापडलेलं आहे. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही. बाटलीवर घटकांची नावं नसलेल्या प्रत्येक औषधाशी आहे.

मधुमेही वाचकांसाठी एक खास सूचना. वर्षानुवर्षं चढी असलेली शुगर एकाएकी आपोआप उतरू लागली, इन्सुलिनचे युनिट निम्म्यावर आले, की लोक पेढे वाटतात. इन्सुलिनचा काही भाग किडनी संपवते. ती दमली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं आणि शुगर धोकादायक खाली जाते. असं झालं तर आधी किडनी तपासा.

ईजीएफआर 30 च्या खाली आला की भीती आवरून थोडी तयारी करायची असते. ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताच्या कोपराजवळच्या आणि मनगटाच्या शिरा राखून ठेवा. तिथून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. तळहाताच्या मागची शीर दाखवा. उद्या डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे शीर आणि धमनी यांची जोडणी, करायची वेळ आली तर त्याच शिरांवर सगळं अवलंबून असेल, आणि फिस्टुला पिकायला काही आठवडे लागतात. हिपॅटायटिस बी ची लस याच काळात घ्या. प्रत्यारोपणाबद्दल डायलिसिसच्या आधीच विचारा. जवळचा नातेवाईक दाता असेल तर डायलिसिसला न बसताही ते होऊ शकतं. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी रुग्णालयामार्फत मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय समितीकडे नाव नोंदवता येतं. खर्चाच्या धास्तीने डायलिसिस टाळू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, आणि 2016 पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतही सोय आहे.

शेवटी पुन्हा त्या बायकोकडे येतो, जी पाणी मोजून देत होती. पेशंट घरातला पुरुष असेल तर त्याचं ताट वेगळं होतं. पेशंट घरातली बाई असेल तर ती सगळ्यांचं मीठ-तिखट सांभाळून उरलेलं स्वतः खाते, आणि पायावरची सूज साडीखाली राहते. किडनी देणाऱ्यांच्या रांगेत आया आणि बायका जास्त, घेणाऱ्यांच्या रांगेत पुरुष जास्त, हे प्रत्यारोपणाच्या वॉर्डात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. घरातल्या सगळ्यांचंच मीठ कमी करा, म्हणजे कुणाला वेगळं शिजवायला नको. आणि तुमच्या आईला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर या आठवड्यात तिच्या रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. ती "मला काही होत नाही" म्हणेल, तरीही.