सिंबियन : मालकी कोणाची, ताबा कोणाचा?

भ्रमणध्वनीची यंत्रसामग्री आणि तो वापरणारा ग्राहक यांना जोडणारा दुवा म्हणजे त्याची कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम. ती ज्याच्या हाती, त्याच्या तंत्राने इतर उत्पादकांना चालावे लागते, हे संगणकाच्या क्षेत्रात मायक्रोसॉफ्टने दाखवून दिले होते. भ्रमणध्वनीच्या बाबतीत तसे घडू नये म्हणून बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या कंपन्या १९९८ मध्ये एकत्र आल्या. लंडनच्या सायऑन कंपनीने हातात मावणाऱ्या संगणकांसाठी ईपॉक ही प्रणाली घडविली होती. तिच्या पायावर सायऑन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी सिंबियन ही संयुक्त कंपनी उभी केली. पुढे पॅनासॉनिक, सीमेन्स, सोनी एरिक्सन आणि सॅमसंग हेही भागधारक झाले. प्रत्येक संचामागे सिंबियनला परवाना शुल्क मिळे.

२००३ मध्ये मोटोरोला बाहेर पडली आणि तिचे भाग नोकिया व सायऑन यांनी घेतले. खरी खळबळ उडाली ती फेब्रुवारी २००४ मध्ये. सायऑनने आपला ३१.१ टक्के हिस्सा सुमारे साडेतेरा कोटी पौंडांना नोकियास विकण्याचे जाहीर केले. नोकियाजवळ आधीच ३२.२ टक्के भाग होते. बेरीज ६३.३ टक्के, म्हणजे निर्विवाद बहुमत! तर्कवितर्कांना ऊत आला. सिंबियन आता नोकियाचा एक विभाग होणार काय? आपल्या आगामी संचाचा आराखडा प्रतिस्पर्ध्याच्या मालकीच्या कंपनीपुढे कोणी व कसा ठेवावा?

वाणिज्याच्या अभ्यासकास या प्रकरणाचा पुढील भाग विशेष उद्बोधक वाटेल. सिंबियनच्या भागधारकांना अग्रक्रयाचा हक्क होता. एखादा भागधारक आपले भाग विकू लागला, तर ते खरेदी करण्याची पहिली संधी उर्वरित भागधारकांना, त्यांच्या धारणेच्या प्रमाणात, द्यावी लागते. आपल्याकडील खाजगी मर्यादित कंपन्यांच्या नियमावलीतही असे कलम सर्रास आढळते. अशा कंपनीचे भाग तारण घेताना बँक अधिकारी ते कलम काळजीपूर्वक वाचतो, कारण वसुलीची वेळ आल्यास ते भाग खुल्या बाजारात मुक्तपणे विकता येतीलच असे नाही.

सिंबियनच्या बाबतीत हे कलम निर्णायक ठरले. सोनी एरिक्सनने आपला हिस्सा १.५ टक्क्यांवरून १३.१ टक्क्यांवर नेला. पी ८०० सारखे तिचे महत्त्वाचे संच याच प्रणालीवर चालत असल्याने तिला गप्प बसणे परवडणारे नव्हते. पॅनासॉनिक आणि सीमेन्स यांनीही धारणा वाढविली. जुलै २००४ मध्ये हिशेब मिटला, तेव्हा नोकिया ४७.९ टक्क्यांवर अडली होती.

कागदोपत्री बहुमत हुकले खरे. परंतु सिंबियनवर चालणाऱ्या संचांपैकी बहुसंख्य नोकियाचेच असत. ज्याच्याकडून शुल्काचा मोठा भाग येतो, त्याचा शब्द भागांच्या टक्केवारीपेक्षा जड असतो, असे माझे मत आहे. इतरांनी मोजलेल्या पैशांतून त्यांना ताबा मिळाला नाही. एका नकाराधिकाराचे समाधान तेवढे मिळाले.

दरम्यान स्पर्धेचे मैदानच बदलले. २००७ मध्ये ॲपलचा आयफोन आला आणि त्याच वर्षी गूगलने अँड्रॉइड जाहीर केले. ते उत्पादकांना परवाना शुल्काविना उपलब्ध होते. जून २००८ मध्ये नोकियाने सिंबियनचे उर्वरित सुमारे ५२ टक्के भाग २६.४ कोटी युरोंना घेण्याची घोषणा केली. येथे थोडे गणित करून पाहावे. २००४ च्या किमतीने संपूर्ण सिंबियनचे मूल्य सुमारे ४३.५ कोटी पौंड होत होते. पौंडाला तेव्हा जवळजवळ दीड युरो मिळत असल्याने ते ६० कोटी युरोंच्या वर जाते. २००८ च्या दराने तेच मूल्य जेमतेम ५१ कोटी युरो भरते. मधल्या चार वर्षांत सिंबियनचे कोट्यवधी संच विकले गेले, तरी ताबा स्वस्तच झाला होता!

नोकियाने ही प्रणाली नंतर सर्वांना विनाशुल्क खुली केली. मात्र फेब्रुवारी २०११ मध्ये तिने स्वतःच आपल्या स्मार्टफोनसाठी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनची निवड केली आणि एप्रिल २०१४ मध्ये तिचा भ्रमणध्वनी व्यवसायही मायक्रोसॉफ्टकडे गेला.