कार्टून बंद झालं, तर पत्र लिहू द्या

लहान मुलं असलेल्या घरात हा प्रसंग कधी ना कधी येतोच. लाडकं कार्टून ज्या वेळेला लागायचं, त्या वेळेला एक दिवस दुसराच कार्यक्रम दिसतो. मूल दोन-चार दिवस वाट पाहतं. मग वर्गातलं कुणीतरी सांगतं, की ते कार्टून कायमचं बंद झालं, पुढचं पर्व येणारच नाही. गोष्ट तर ऐन रंगात आलेली असते. मूल जेवताना गप्प बसतं, आणि झोपायच्या वेळी हळूच विचारतं, "बाबा, आपण त्यांना पत्र लिहू या का?"

दिवसभराच्या धावपळीनंतर आपल्या तोंडून पटकन निघून जातं, "अरे, कार्टूनच तर आहे! दुसरं काहीतरी बघ." आज मला तुमच्याशी बोलायचंय ते या उत्तराबद्दल. मनापासून सांगते, अशा वेळी मुलाला 'हो' म्हणा. पत्रामुळे कार्टून परत येईलच, असं मी म्हणणार नाही. पण आपल्याला हवी असलेली गोष्ट नीट विचार करून, योग्य माणसाकडे, सभ्य शब्दांत मागायला शिकण्याची ही संधी आहे, आणि ती मुलाने आपण होऊन पुढे आणली आहे. शाळेच्या पेपरात मुलं औपचारिक पत्र लिहितात ते गुणांसाठी. ते कुणाच्या हातात पडत नाही, कुणी त्याला उत्तर देत नाही. इथे मात्र पत्र खरं आहे, ज्याला लिहायचं तोही खरा आहे, आणि मागणी तर अगदी पोटातून आलेली आहे.

पत्राला हात घालण्याआधी मुलाबरोबर बसून एक प्रश्न सोडवा: कार्टून बंद का झालं असेल? मुलांना वाटतं, कुणीतरी दुष्टपणा केला. खरी कारणं बहुतेक वेळा हिशेबाची असतात. डिस्ने चॅनलच्या अनेक मालिका पूर्वी ६५ भागांवर थांबत. आठवड्यातून पाच दिवस, याप्रमाणे ६५ भाग तेरा आठवडे पुरतात. एवढा साठा झाला की तो पुन्हा पुन्हा दाखवता येतो, मग नव्या भागांवर खर्च कशाला, असा तो विचार. कधी कार्टूनची वेळच अशी असते की ज्यांच्यासाठी ते केलं, ती मुलं तेव्हा टीव्हीसमोर नसतात. कधी मालिकेचा खर्च खेळण्यांच्या विक्रीतून निघायचा असतो, आणि खेळणी खपत नाहीत. कारण कळलं की राग थोडा निवळतो, आणि मागणी कुणाकडे न्यायची हेही कळतं.

'किम पॉसिबल'ची गोष्ट मुलांना जरूर सांगा. शाळा सांभाळून जगाला संकटांतून सोडवणाऱ्या मुलीची ही मालिका २००२ मध्ये डिस्ने चॅनलवर सुरू झाली. ६५ भाग झाले, आणि एप्रिल २००५ मध्ये शेवट म्हणून एक चित्रपटही दाखवला गेला. चाहत्यांना ते पटलं नाही. त्यांनी पत्रं लिहिली, सह्या गोळा केल्या, मागणी लावून धरली. मालिका लोकप्रिय होतीच, त्यात ही मागणी कानावर येत राहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या पर्वाची घोषणा झाली, आणि फेब्रुवारी २००७ पासून चौथं पर्व दिसू लागलं. २२ नवे भाग आले आणि एकूण संख्या ८७ झाली. ६५ चा शिरस्ता इथे मोडला.

'सेलर मून'च्या चाहत्यांनी तर पैशाची वाटही ओळखली. नाओको ताकेउची या जपानी लेखिका-चित्रकर्तीच्या मांगावरून (चित्रकथेवरून) तोएई कंपनीने १९९२ मध्ये केलेली ही मालिका १९९५ मध्ये इंग्रजीतून उत्तर अमेरिकेत आली. अनेक शहरांत ती भल्या सकाळी लागायची, मुलं शाळेच्या घाईत असताना. ६५ भागांनंतर नवे भाग येणं थांबलं. तेव्हा 'सेव्ह अवर सेलर्स' नावाची मोहीम उभी राहिली. सह्यांची निवेदनं तर गेलीच, पण १९९६ मध्ये चाहत्यांनी ठरवून केलॉग्जचे पॉप-टार्ट्स विकत घेतले. प्रायोजकाला दाखवून द्यायचं होतं, की या मालिकेचे प्रेक्षक खरे आहेत आणि ते दुकानात जाऊन खरेदीही करतात. बहिष्काराच्या नेमकी उलट अशी ही रीत. पुढे मालिकेचे आणखी १७ भाग इंग्रजीत आले. त्यात कॅनडातल्या लोकप्रियतेचाही वाटा होता, आणि १९९८ पासून कार्टून नेटवर्कने दुपारची सोयीची वेळ दिल्यावर अमेरिकेतली मुलंही मोठ्या संख्येने ती पाहू लागली. मालिका तीच होती. बदलली ती वेळ.

'यंग जस्टिस' ही कार्टून मालिका २०१३ मध्ये दोन पर्वांनंतर थांबली. खेळण्यांच्या कंपनीचा पाठिंबा गेला, हे त्यामागचं कारण निर्माते ग्रेग वाइजमन यांनी पुढे उघडपणे सांगितलं. त्यांनी चाहत्यांना सल्लाही दिला: जुने भाग नेटफ्लिक्सवर बघा, इतरांना दाखवा, कारण आकडा दिसला तरच बोलणं पुढे सरकेल. चाहत्यांनी ते वर्षानुवर्षं केलं. २०१६ मध्ये तिसऱ्या पर्वाची घोषणा झाली आणि २०१९ च्या जानेवारीत ते आलंही. मागणी करणाऱ्यांजवळ चिकाटी हवी, हे मुलांना यातून आपोआप कळतं.

आता पत्र कसं लिहायचं, त्याबद्दल. या बाबतीत सगळ्यांचे गुरू शोभावेत असं एक अमेरिकन जोडपं आहे, बिजो आणि जॉन ट्रिंबल. १९६७ च्या अखेरीस 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची मालिका दुसऱ्या पर्वानंतर बंद होणार, अशी कुणकुण लागताच त्यांनी देशभरच्या चाहत्यांना पत्रं लिहायला लावली. त्यांचा आग्रह असा, की एकच मजकूर छापून सगळ्यांनी सही करू नये, प्रत्येकाने आपापलं पत्र लिहावं. शिवाय प्रत्येकाने आणखी दहा जणांना लिहायला सांगावं, आणि त्या दहांनी आणखी दहांना. एनबीसी वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पडला. जानेवारी १९६८ मध्ये कॅलटेक या तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थी बरबँकमधल्या एनबीसीच्या दारात मोर्चा घेऊन गेले. १ मार्च १९६८ च्या रात्री भाग संपल्यावर वाहिनीने पडद्यावरूनच जाहीर केलं, की मालिका चालू राहील. त्यानंतर चाहत्यांनी पुन्हा ढीगभर पत्रं पाठवली, या वेळी आभाराची. मागण्याइतकंच आभार मानणंही त्यांनी मनावर घेतलं. तुमच्या मुलांच्या कानावर ही गोष्ट जरूर घाला.

मालिकेला मिळालेली तिसऱ्या पर्वाची वेळ मात्र शुक्रवारी रात्री दहाची होती, आणि १९६९ मध्ये ती थांबलीच. पण त्या जादा पर्वामुळे एकूण ७९ भाग झाले. पुनःप्रक्षेपणाला तेवढे पुरले. त्यातून नवे चाहते तयार झाले, आणि १९७३ मध्ये 'स्टार ट्रेक' चक्क कार्टून होऊन टीव्हीवर परतलं. पत्राचं फळ कधी कधी असं आडवाटेने येतं.

आपल्यापैकी अनेकांना पोस्टकार्डांचे ते दिवस आठवत असतील. दूरदर्शनवर सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांचा 'सुरभि' लागायचा, तेव्हा प्रश्नांची उत्तरं पाठवणारी लाखो कार्डं येऊन पडत. शेवटी टपाल खात्याने स्पर्धांसाठी वेगळं, महाग कार्डच काढलं. टीव्हीला पत्र लिहिणं आपल्या पिढीला नवं नाही. आपल्या अक्षरातलं कार्ड दिल्ली-मुंबईला कुणीतरी वाचेल, या कल्पनेनेच आपण हरखून जायचो. तो आनंद मुलांना मिळायला काय हरकत आहे?

मुलं कामाला लागली की त्यांच्या जवळ राहा, पण लेखणी त्यांच्याच हातात असू द्या. पत्रात तीन गोष्टी आल्या तरी पुरे. मी कोण आणि कितवीत आहे, हे पहिलं. कोणता भाग किंवा कोणतं पात्र मला आवडतं आणि का, हे दुसरं. मला नेमकं काय हवंय, हे तिसरं. 'कार्टून परत आणा' यापेक्षा 'पुढचं पर्व हिंदीत दाखवा' किंवा 'सकाळी सातऐवजी संध्याकाळी सहाला लावा' ही मागणी पुरी करणं सोपं असतं. परदेशी मालिका पुढे काढायची की नाही, हे बहुधा तिकडेच ठरतं. पण आपल्याकडे ती कोणत्या वेळी लावायची, जुने भाग पुन्हा दाखवायचे का, हे इथल्या वाहिनीच्या हातात असू शकतं. अनेक वाहिन्यांची कार्यालयं मुंबईतच आहेत. पत्ता मुलाला शोधू द्या, पाकिटावर त्यालाच लिहू द्या, तिकीटही त्यालाच लावू द्या. शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या तर राहू द्या. आपण सुधारून सुधारून पत्र गुळगुळीत केलं, तर त्यातलं मूलच निघून जातं.

सोसायटीतली, वर्गातली मित्रमंडळी येणार असतील, तर उत्तमच. एकाने पत्ता शोधावा, एकाने कुणी लिहिलं त्याची यादी ठेवावी, धाकट्यांनी चित्रं काढावीत. मात्र प्रत्येकाला विचारा, की तुला खरंच ते कार्टून आवडतं का? मैत्रीखातर खोटं पत्र कुणी लिहू नये.

काही गोष्टींवर आपलीच नजर हवी. पत्रावर घरचा पत्ता द्यायचा तर तो फक्त वाहिनीला पाठवायच्या पाकिटात. इंटरनेटवर काही टाकायचं झालं, तर मुलाचं पूर्ण नाव, शाळा, फोन नंबर, फोटो यातलं काहीही नको, आणि खातं आपलंच असू द्या. मोहिमेच्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, चित्रकार, लेखक, आवाज देणारे कलाकार यांना कुणी वाईटसाईट लिहीत असेल, तर आपलं मूल त्यात नसावं. मालिका बंद झाली की बहुतेकदा त्यांचंही काम गेलेलं असतं. मुलांना हे आवर्जून सांगा, म्हणजे पत्रात त्यांच्यासाठीही एक ओळ येईल.

आणि उत्तर नाही आलं तर? ती शक्यता मोठी आहे. 'इन्फिनिटी ट्रेन' या कार्टूनच्या चाहत्यांनी २०२१ मध्ये मालिका थांबल्यावर चित्रं काढली, मागण्या केल्या. मालिका पुढे गेली नाही, उलट पुढच्या वर्षी ती एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेवरूनही काढून टाकली गेली. चाहत्यांचं प्रेम कमी पडलं, असं नाही. निर्णय त्यांच्या हातात नव्हता. मुलाला हे आधीच सांगून ठेवा. आपण मागितलं म्हणजे मिळेलच असं नाही, पण न मागता राहिलो तर आपल्याला काय हवंय हे कुणाला कळणारही नाही. नकार आला म्हणून आपली मागणी चुकीची ठरत नाही, आणि आपण लहानही ठरत नाही. हे मुलाला आईबाबांच्या तोंडून ऐकू येणं फार गरजेचं आहे.

उद्या हेच मूल रस्त्यावरच्या बंद दिव्यासाठी नगरपालिकेला लिहील, वाचनालयाची वेळ वाढवून मागेल, कामाच्या ठिकाणी आपलं म्हणणं ठामपणे आणि शांतपणे मांडेल. मागणी कशी मांडायची, कुणाकडे न्यायची, किती दिवस धरून ठेवायची आणि मिळाल्यावर आभार कसे मानायचे, हे एका कार्टूनच्या निमित्ताने आठव्या-दहाव्या वर्षी शिकता येतं. म्हणून पुढच्या वेळी मुलाने "पत्र लिहू या का?" असं विचारलं, तर कोरा कागद पुढे ठेवा आणि त्याच्याशेजारी बसा.